पालथी पळी

जिजी, तुझं तेरावं होऊन तिसरा दिवस होता. दिवेलागणीची वेळ. चुलीवर तुरीचं वरण शिजत होतं, वर झाकण आणि झाकणावर पळी. पळी मी उताणी ठेवली होती, कारण मीठ घालायचं बाकी होतं. भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि वळून पाहिलं, तर पळी पालथी.

स्वयंपाकघरात मी एकटीच होते. माझी शांती अंगणात कोंबड्या डालत होती, हे मळ्यातून यायचे होते, आणि भासरे, तुझे मालक, ओसरीवर आपल्या जागी बसलेले, तुझ्या घोंगडीवर. भासरे स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाहीत हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? मांजर म्हणावं तर मांजराने पळी पाडली असती, उलटी करून नीट मधोमध ठेवली नसती. तू ठेवायचीस तशी, दांडा भिंतीकडे करून.

जिवंतपणी मी तुला कायम ‘तुमी’ म्हणत आले. थोरल्या जावेला ‘तू’ म्हणायची आपल्याकडे रीत नाही. आता कागदावर म्हणते आहे. राग आला तर येऊन सांग. येतेसच म्हणा.

शांतीच्या वहीची मागची पानं फाडून घेतली आहेत. वहीच्या पुठ्ठ्यावर नव्या महाराष्ट्राचा नकाशा छापलाय, त्यात आपलं बुलढाणं शोधायला बोट फिरवावं लागतं. तुला वाचता येत नव्हतं. सोयऱ्यांची पत्रं मीच तुला वाचून दाखवायची आणि तू म्हणायचीस, “वच्छे, जे लिहिलं नाई तेबी वाच.” हे मात्र तुला कोण वाचून दाखवणार, या विचारात मी पडले होते. मग मनात आलं, जिला पळी उलटी करता येते तिला अक्षरंही लागत असतील.

ही खूण तूच काढलीस, आठवतं? मी नवी नवरी होते. आपल्या घरी रोजचं वरणसुद्धा देवाला दाखवल्याशिवाय चाखायचं नाही, आणि चुलीपाशी आपण दोघी. धाडहून माझ्या माहेरची माणसं आली होती. मीठ मी घातलं, मीठ तूही घातलंस, आणि माझ्या वडिलांनी ते खारट वरण एक अक्षर न बोलता संपवलं. मी कोपऱ्यात रडत बसले. तू हसत आलीस, पळी झाकणावर उताणी ठेवलीस आणि म्हणालीस, “हे पाह्य, अशी असली तं मीठ बाकी. पालथी असली तं पडलं. आता तोंडानं विचाराचं कामच नाई.” त्या दिवसापासून आपण मिठाबद्दल बोललोच नाही. पंधरा वर्षं पळीच बोलली.

आपले वाद होते ते फोडणीचे. मी धाडची, मला वरणावर लसणाची चरचरीत फोडणी लागायची. तुला साधं वरण, हळद आणि तूप, बस. “तुमी धाडचे लोक डाळीची भाजी करून टाकता,” असं तू म्हणायचीस आणि माझ्या बोलण्याची नक्कल करायचीस. मी ‘मला’ म्हटलं की तू मुद्दाम तीनदा ‘मले, मले, मले’ करायचीस. शेवटी आपण तोड काढली. मोठ्या गंजात तुझं साधं वरण आणि वाटीभर फोडणी वेगळी, ज्याला हवी त्याने घ्यावी. तू सगळ्यांची नजर चुकवून ती फोडणी घ्यायचीस हे मी पाहिलं होतं. तुझ्या भाताखाली तांबडा ओघळ दिसायचा. हे तुला कधी बोलले नाही, आज बोलते.

पण मला जे बोलायचं आहे ते हे नव्हे. मी फिरून फिरून कडेने चालते आहे, आणि तू तिकडे पदराने तोंड पुसत बसली असशील, कधी येते ही मुद्द्यावर म्हणून.

तीन वर्षांपूर्वीची चंपाषष्ठी. चातुर्मासात वांगं खायचं नाही, आणि आपलं तर वांग्याचंच शेत. टोपल्याच्या टोपल्या बाजाराला धाडायच्या आणि घरात नुसता वास घ्यायचा. म्हणून खंडोबाच्या नैवेद्याला भरीत-रोडगे झाले की सगळी भाऊबंदकी मळ्यात जेवायला जमायची. त्या साली तुझ्या लेकीचे सासरेही आले होते, धामणगाव बढ्याहून, पहिल्यांदाच. विहिरीजवळ गोवऱ्यांचा आर केला होता, त्यात रोडगे भाजत होते. वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर काळी होत होती. आणि तीन दगडांवर वरणाचा मोठा गंज, चाळीस माणसांचा. तो गंज तुझा होता. सासूबाई गेल्यावर तो तुझ्याकडे आला होता आणि तुझ्याशिवाय कोणी त्यात पळी घालत नव्हतं.

तू विहिरीवर हात धुवायला गेलीस. जाताना म्हणालीस, “डाळ शिजली तं मीठ टाकजो वो.” मी टाकलं. तेवढ्यात शांती किंचाळली, निखाऱ्यावर पाय पडला होता तिचा. मी धावले. पळी उताणीच राहिली.

तू परत आलीस. पळी उताणी पाहिलीस. मीठ टाकलंस आणि पळी पालथी केलीस.

पहिला घास घेतला तो व्याह्यांनी. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला लगेच कळलं. पानं तशीच राहिली. कोणीतरी म्हणालं, समुद्रातून आणलं काय वरण? भासरे उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर बोलले, “हिचे हात थकले आता. पुढल्या सालापासून गंज लहानीकडं.” तू उभी होतीस, हातात पळी. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस.

मी पदर दातात धरला आणि खाली पाहिलं. भासऱ्यांसमोर धाकट्या सुनेने तोंड उघडायचं नसतं, हे माझं निमित्त. खरं कारण वेगळं होतं. खरं सांगू? मला तो गंज हवा होता. पंधरा वर्षं मी कांदे चिरले, वांगी सोलली, पाणी आणलं, आणि लोक जेवून उठताना म्हणायचे, थोरलीच्या हातची चव! एका क्षणात सगळं माझ्याकडे येत होतं, आणि मला फक्त गप्प बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तू मला विचारलंस. धुण्याच्या दगडापाशी, अगदी सहज. “वच्छे, काल तू गंजापाशी आलती का?”

“नाई जिजी. मी शांतीपाशी होते.”

“मी सांगूनशान गेलती तुले.”

“माझ्या ध्यानातून गेलं, जिजी. पोरीचा पाय भाजला ना.”

“बरं,” म्हणालीस. फक्त एवढंच. पळी माझ्या हातात दिलीस आणि त्यानंतर तू चुलीपाशी बसली नाहीस. आपण बोलत होतो, हसतही होतो, वाती वळता वळता अख्ख्या देऊळघाट गावची लफडी काढत होतो. पण मी मीठ काढायला लागले की तू तोंड फिरवून अंगणात पाहायचीस. रोज. तीन वर्षं.

तुझ्या दुखण्यात तुला ताकातल्या कण्यांशिवाय काही जात नव्हतं. त्या शेवटच्या दुपारी तू वरण-भात मागितलास. मी मऊ भात कालवला, साधं वरण, तुझ्यासारखं, वर तूप. तू विचारलंस, “मीठ?” मी म्हटलं, टाकलंय जिजी. तू डोळे मिटले होतेस. तसंच मिटलेले ठेवून तू हळूच म्हणालीस, “आन पळी?”

मी घास तुझ्या ओठांपाशी धरून बसले. तू तोंड उघडलं नाहीस. दिवस मावळायच्या आत तू गेलीस, आणि तो घास माझ्या बोटांवर वाळला.

म्हणून त्या संध्याकाळी पालथी पळी पाहिली तेव्हा मी चुलीपासून मागे सरले. मनाला म्हटलं, वच्छे, तूच मीठ टाकलं असशील, दुःखात ध्यान राहत नाही. पण टाकलेलं आठवेना. चाखता येईना, नैवेद्य व्हायचा होता. मी पळीवर विसंबले आणि मीठ टाकलं नाही. सगळे जेवले. भासऱ्यांनी दुसऱ्यांदा वरण घेतलं, तू गेल्यापासून पहिल्यांदाच. मी शेवटी बसले आणि घास घेतला. मीठ बरोबर होतं. माझ्या हाताचं नव्हतं ते. मी जरा कमीच टाकते.

मी काही भोळी बाई नाही, तुला माहीत आहे. अंगात येणाऱ्या बायकांना मी तोंडावर हसले आहे. दुसऱ्या दिवशी मी मिठाच्या मडक्यातलं मीठ हाताने दाबून सपाट केलं. मी मीठ करवंटीने काढते, हात घालत नाही. तू मुठीने घ्यायचीस. वरण चुलीवर ठेवलं, पळी उताणी ठेवली, आणि भाकरी थापताना मान वळवून वळवून पाहत राहिले. पळी उताणीच. तव्यावरची भाकरी करपायला लागली म्हणून ती उलटली, तेवढाच काय तो वेळ. पळी पालथी झाली होती, दांडा भिंतीकडे. मी मडक्याचं झाकण काढलं. सपाट मिठात मुठीएवढा खळगा होता.

मग मी एक वेडेपणा केला. माझी मूठ त्या खळग्यात ठेवून पाहिली. ती बरोबर बसली, जिजी. बोटं जिथल्या तिथे बसली. मी हात बाहेर काढला आणि उजेडाला धरला. बोटांना मीठ लागलेलं होतं. ते आत्ता लागलं की आधीपासून होतं, हे मला सांगता येईना. त्या दिवशी मी कितीतरी वेळ माझ्याच हाताकडे बघत बसले, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखं.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “तुले झोप नाई लागून राह्यली, म्हनून असं होते.” शांतीला विचारलं, पळी तू उलटी करतेस का गं? ती म्हणाली, “काऊन करीन माय मी?” आणि माझ्याकडे अशी पाहायला लागली की मी विषय सोडला. तिला भीती नव्हती. ती म्हणाली, स्वयंपाकघरात मोठीआईच्या तपकिरीचा वास येते. मी म्हटलं, हो, येतो.

दोन आठवडे रोज असं चाललं. पहिले चार दिवस मला भीती वाटली, मग सवय झाली, आणि मग राग यायला लागला. इतकी जवळ येतेस, मीठ टाकतेस, पळी उलटी करतेस आणि एक शब्द बोलत नाहीस! पाठीमागे उभी राहतेस हे मला मानेला कळायचं. मी भाकरी थापता थापता म्हणायची, “बोला ना जिजी.” तव्याचा चर्र आवाज तेवढा यायचा.

अशात चंपाषष्ठी आली. वर्षाच्या आत सण नको असं दोघातिघांनी सुचवलं. भासरे म्हणाले, “देवाचं देवाले द्या लागते. तिनं कवा चुकवलं नाई.” मग पुन्हा तोच मळा, तोच आर, तेच तीन दगड. आणि गंज माझा.

त्या दिवशी मी ठरवूनच गेले होते की गंजापासून हलायचं नाही. डाळ घोटली, हळद टाकली, झाकण ठेवलं, झाकणावर पळी उताणी. समोर बसून राहिले. डोळे मिटायचे नाहीत म्हणून डोळ्यांत पाणी आलं. मग वारा फिरला आणि आराचा सगळा धूर माझ्या अंगावर आला. दोन हातांवरचं दिसेना. मी पदर तोंडाला लावला. धूर निवळला तेव्हा पळी पालथी होती, आणि शेजारी मिठाच्या गाडग्यात मुठीचा खळगा होता.

पाठीमागे पंगत बसली होती. पानं मांडलेली, एक पान तुझ्या नावाचं, आंब्याखाली. भासरे नैवेद्याचं ताट घेऊन उभे होते. कोणीतरी ओरडलं, “मीठ पडलं का वो वहिनी?”

काय सांगू? पळी पालथी आहे म्हणून हो म्हणावं, तर मी टाकलेलं नाही. पळी खोटी मानून मूठभर टाकावं, तर पुन्हा तेच खारट वरण, तीच पंगत. चाळीस माणसं आणि देव. मीठ माझ्या मुठीत होतं. कधी घेतलं तेही कळलं नाही. मूठ गंजावर धरली आणि मला तुझा आवाज आला, जिजी. कानात नाही, हातात आला. “आन पळी?”

मी मूठ परत गाडग्यात सोडली आणि उठून उभी राहिले. अठरा वर्षांत भासऱ्यांसमोर मी एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी डोक्यावरचा पदर सरकला तरी सावरला नाही. म्हणाले, “त्या साली मीठ मी टाकलं होतं. जिजी मले सांगून गेलत्या. मी पळी फिरवाले विसरले. जिजीची चूक नव्हती. मी ऐकून घेतलं, गप्प राह्यले, आन त्यायनं विचारलं तवाबी खोटं बोलले.”

तुझ्यासारखं ‘मले’ म्हणाले. ते माझ्या नंतर लक्षात आलं.

आरातली एक गोवरी फुटली, तेवढा आवाज आला. हे खाली मान घालून उभे. भासऱ्यांनी ताट खाली ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, रीत ती रीत. ह्यांच्याकडे तोंड करून म्हणाले, “सांग तिले. मले ठाऊक हाये. तीन सालापासून ठाऊक हाये.”

“कसं काय?” ह्यांनी विचारलं.

“तिनं सांगतलं ना. त्याच दिवशी घरी आल्यावर. मी म्हनलं, चाल, आताच्या आता सगळ्यायले सांगतो. तं हात जोडले तिनं. म्हने, लहानीचं नाव काढसान तं मी जेवनार नाई. माह्यं झालं सगळं, तिले अजून या लोकायत राहाचं हाये.” त्यांनी घसा साफ केला. “अजून एक म्हने. म्हने, ती सांगल. आज नाई तं उद्या सांगल. तवरिक मी वाट पाहीन.”

मी खालीच बसले. मातीत बसले आणि रडले, जशी तुझ्या मयतीला रडले नव्हते. त्या दिवशी मी पाणी तापवत होते, लोकांना जेवायला घालत होते, मला वेळच नव्हता. मला वाटायचं की तू तीन वर्षं तोंड फिरवायचीस ती रागाने. मी मीठ टाकताना तू मला एकटं सोडत होतीस, होय ना? मला लाज वाटू नये म्हणून. माझ्यासारख्या बाईला हे कळायला तुला मरावं लागलं.

नैवेद्य झाला. पंगत जेवली. मी मीठ टाकलं नव्हतं, हे तुला शपथेवर सांगते. रोडगे चुरून लोकांनी वरण तीनतीनदा घेतलं, आणि कोणीही मीठ मागितलं नाही. गंज खरवडून निघाला. तुझ्या पानावर मी स्वतः वाढलं. रोडगा, भरीत, भात, वरण आणि एक चमचा लसणाची फोडणी, भाताखाली लपवून.

सगळी पांगल्यावर गंज घासायला घेतला. पळीही घासली. तिचा दांडा अजून गरम होता, जसा कोणी धरून नुकताच सोडलेला. मला भीती वाटली नाही. मला वाटलं, आता सगळं ठीक झालं. आता तू रोज येशील आणि आपण मोकळेपणाने राहू. मी किती खुळी आहे बघ.

चंपाषष्ठीला आठवडा झाला, जिजी. त्या दिवसापासून पळी जिथे ठेवते तिथेच राहते. मडक्यातलं मीठ सपाट असतं. शांती म्हणते तपकिरीचा वास गेला. भासऱ्यांनी परवा वरणाचा घास घेतला, थांबले, आणि वरून मीठ मागितलं. तू ज्याची वाट पाहत होतीस ते तुला मिळालं, आणि तू उठून गेलीस. हे आधी कळलं असतं तर मी अजून काही दिवस गप्प राहिले असते. वाईट बोलले का? बोलू दे.

आता मी रोज पळी उताणी ठेवते आणि पाठ फिरवते. भाकरी सावकाश थापते. कडा नीट करते, पाणी पुन्हा फिरवते, तुला वेळ मिळावा म्हणून. काल तर लागत नव्हत्या तरी तीन भाकरी जास्तीच्या केल्या. मग वळून पाहिलं. पळी उताणीच होती. वरण उकळून उकळून घट्ट झालं होतं आणि ओसरीवरून भासरे खाकरत होते.

मी मडक्यात हात घातला, करवंटी नाही घेतली, तुझ्यासारखी मूठ भरली आणि मीठ टाकलं. पळी पालथी केली, दांडा भिंतीकडे करून.